कुणी काहीच लिहिलं नाही तर

वाचनालयाच्या मागच्या खोलीत सात खुर्च्या.
सातवी एंडेलची. तिच्यावर कुणी बसलं नाही,
ओले हातमोजे तेवढे वाळत घातले.

बेट केवढं, तर दोनशे ऐंशी माणसं,
एक दुकान, एक फेरी,
आणि थंडी नीट धरली की
एस्टोनियाच्या किनाऱ्यापर्यंत समुद्रावरून
गाडी जाईल असा बर्फाचा रस्ता.
फेरीची वेळ, मयताची बातमी, रस्ता चालू की बंद,
सगळं एंडेलच्या वेबसाइटवर असायचं.
ती त्यानं एकट्यानं विणलेली,
उलटसुलट टाके फक्त डोक्यात,
कागदावर एक धागा नाही.

मागच्या फेब्रुवारीत त्याला तालिनच्या इस्पितळात हलवलं.
पासवर्डही त्याच्याबरोबरच गेला.
अकरा दिवस साइट म्हणत होती: रस्ता चालू.
बर्फ सातव्या दिवशीच तडकला होता.

त्यावर आम्ही फारसं बोलत नाही.
टपालाची गाडी अर्ध्यातून परतली, एवढंच म्हणतो.
बर्फावर सीटबेल्ट लावायचा नसतो,
बुडताना दार उघडता यावं म्हणून.
टपालवाला रिहो आता डांबरी रस्त्यावरही लावत नाही.

तर, तार्तूहून सँडर आला. कोवळी दाढी, पातळ बूट.
भिंतीवर एक चौकोन उजळून म्हणाला,
ही पहिली सिस्टिम, सगळे हीच वापरतात.
सगळे म्हणजे कोण, हेल्डूरनं विचारलं.
सगळे.
दर आठवड्याला अपडेट मात्र करायचं,
नाहीतर चोर शिरतात.
(आमच्याकडे दाराला कुलूप नसतं. कुणी बोललं नाही.)
दुसरी देखणी, पण भाड्याची,
उद्या कंपनीच उठून गेली तर
आपलं लिहिलेलं आपल्याला मिळेल का?
मिळतं, म्हणाला. कसं? मिळतं.
तिसरी सांगताना मात्र त्याचे डोळे चमकले.
नुसत्या साध्या फायली, वाऱ्यासारखी चालते,
काळ्या खिडकीत चार आज्ञा टाइप करायच्या, बस्स.

मी विचारलं, आमचं 'õ' उमटतं ना नीट?
हेल्डूरनं पैशांचं विचारलं, दोनदा.
हेल्मी गप्प. धुरावलेल्या माशाचा काटा काढत होती.

पहाटे पाचला बर्फावर जाते ती हेल्मी.
गिरमिटानं भोक पाडते, सळई घालते,
जाडी मोजते, वाकून कान लावते.
कशाला, ते तिनं कधी सांगितलं नाही.
तिनं हात पुसले, फोन मागितला.
म्हणाली, मी आता बर्फावर आहे असं समज.

पहिलीत सात वेळा बोट लावावं लागलं.
मध्येच काहीतरी उगवलं: नवी आवृत्ती उपलब्ध आहे.
दुसरीत बटण सापडलं, पण त्याच्यावर जाहिरात.
तिसरीचा काळा पडदा तिनं क्षणभर पाहिला
आणि फोन सँडरला परत दिला,
दुसऱ्याचं तान्हं पोर परत द्यावं तसा, सांभाळून.

मग बराच वेळ कॉफी.
शेवटी पहिलीच घ्यायची ठरली,
पण सोलून. सरकती चित्रं नकोत, हवामानाचा ढग नको.
हेल्मीपुरतं एकच पान,
अंगठ्याएवढी दोन बटणं.
पासवर्ड मी कार्डावर लिहून
पुस्तकांच्या यादीच्या खणात ठेवणार, 'ए' खाली.
सँडर कळवळला: असं करत नाहीत!
आम्ही करतो.

लॅपटॉप मिटता मिटता तो थबकला.
आणि कुणी काहीच लिहिलं नाही तर?
एखाद्या दिवशी या आजारी पडल्या,
किंवा... तर साइटनं काय दाखवायचं? कालचंच?

खुर्चीवरचे मोजे उचलून
हेल्मी ते बोटाबोटानं चढवत होती.
मान वर न करता म्हणाली,

बंद.